हॅलो, गाडीतून आवाज येतोय: फोनवरचा विनोदी गाडी-शो कसा बसवावा

रेडिओवर गाडी दुरुस्त होत नाही. हातात पाना नाही, समोर बॉनेट नाही, आणि पलीकडचा माणूस ‘काहीतरी वाजतंय’ एवढंच सांगतो. अमेरिकेत टॉम आणि रे मॅग्लिओझी या दोन भावांनी एवढ्याच भांडवलावर ‘कार टॉक’ चालवला: १९७७ साली बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआर केंद्रावर सुरू केला, १९८७ पासून एनपीआर या सार्वजनिक रेडिओ जाळ्यावरून देशभर, आणि नवे भाग थेट २०१२ पर्यंत. दोघे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकलेले आणि गॅरेज चालवलेले. हसण्याचा गडगडाट संपला की उत्तर मात्र गॅरेजातलं, खरं असायचं. मराठीत असा कार्यक्रम करायचा तर क्रम हाच ठेवा. आधी निदान बरोबर, मग विनोद. उलटं केलंत तर दोन भागांत श्रोते पांगतील.

पुण्यात तर जास्तच. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टाटा, चाकणला निम्मी मोटारगाड्यांची दुनिया, वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआय. तुम्ही बेअरिंगबद्दल काही चुकीचं बोललात की पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी निवृत्त टूलरूमवाले तुम्हाला दुरुस्त करायला फोन करतात. हे फोन तोडू नका. प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा उत्तर द्यायला फोन करणारे जास्त, हे या गावचं वैशिष्ट्य आहे आणि त्यातून शोचा एक कायमचा भाग निघतो.

लाइव्ह की रेकॉर्ड

रेकॉर्ड. पुढचं सगळं आठवड्यातून एकदा लागणाऱ्या तासाभराच्या कार्यक्रमाला धरून आहे: ९० मिनिटं रेकॉर्ड करा, ५२ ठेवा. ‘कार टॉक’सुद्धा लाइव्ह नव्हता. श्रोते निरोप ठेवायचे, टीम निवडून उलट फोन लावायची. लाइव्हमध्ये शिवी जाते, लाइन पडते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाईत चुकीचा उपाय सांगितला जातो. लाइव्हचा हट्टच असेल तर काही सेकंदांचं डिले युनिट (आवाज उशिरा प्रसारित करणारं यंत्र) आणि आवाज गाळायचं बटण हवंच.

कम्युनिटी रेडिओवर (पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी, एफटीआयआयचं रेडिओ एफटीआयआय ही ओळखीची नावं) जागा मिळाली तर दोन अटी लक्षात ठेवा. स्वतःच्या बातम्या आणि राजकारण चालत नाही. आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. थोडक्यात, खड्ड्यांवर विनोद चालतो, खड्ड्यांवरून प्रचारसभा चालत नाही.

माणसं चार

दोन बोलणारे, एक मिक्सरवर, एक फोनवर. बोलणाऱ्यांपैकी एकाने रोज गाड्या उघडलेल्या असाव्यात. पुस्तकी ज्ञान चालत नाही, कारण ‘याला गाडी लिफ्टवर घ्यावी लागेल की जागेवर होईल’ हे फक्त हात काळे केलेल्यालाच माहीत असतं. दुसऱ्याने गाडी वापरलेली, सिनेमे पाहिलेले आणि न लाजता अडाणी प्रश्न विचारणारा असावा. दोघेही विनोदवीर असतील तर कॉलर मध्ये अडकून पडतो. दोघेही मेकॅनिक असतील तर तो वर्कशॉप मॅन्युअलचा पाठ होतो.

शोचं खरं यश मात्र फोनवरच्या माणसाच्या हातात. तिथे सगळ्यात नवखा पोरगा बसवण्याची चूक बहुतेक जण करतात.

कॉल निवडणे

एक व्हॉट्सॲप नंबर ठेवा आणि एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागवा. निरोपात या गोष्टी नसतील तर उलट फोन करून विचारा: गाडीचं मॉडेल आणि साल, पेट्रोल, डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक, किती किलोमीटर झाले, त्रास कधीपासून आणि नेमका कधी होतो, गॅरेजवाल्याने आतापर्यंत काय काय बदललं. या शेवटच्या प्रश्नात निम्मं निदान असतं. बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला आणि तरी रोज सकाळी गाडी बंद, म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. ते पार्ट आता पुन्हा सुचवायचे नाहीत.

दहा निरोपांतून साधारण दोन घ्यावेत. निवडताना तीन गोष्टी बघा. त्रास एका वाक्यात सांगता येतो का. माणूस बोलका आहे का, म्हणजे ‘हो’, ‘नाही’च्या पुढे जातो का. आणि गाडीबरोबर गोष्टीत दुसरं कुणी आहे का: गाडी सासऱ्यांची आहे, मुलीला लग्नात द्यायची आहे, किंवा नवरा-बायकोत पैज लागली आहे. हे तिसरं असेल तर भाग उभा राहिलाच म्हणून समजा.

काय घ्यायचं नाही तेही ठरलेलं हवं. पोलिसात किंवा कोर्टात गेलेला अपघात, विम्याचं भांडण, अमुक गॅरेजने फसवलं म्हणून नावानिशी तक्रार, हे सगळं बाद. नाव निघालंच तर एडिटिंगमध्ये काढा आणि ‘एक गॅरेज’ करा. गाडीचा पूर्ण नंबरही प्रसारित होऊ देऊ नका. आणि ब्रेक लागत नाहीत, स्टिअरिंग जाम होतंय, पेट्रोलचा वास येतोय असं कुणी म्हणालं तर ते शोसाठी राखून ठेवायचं नाही. फोनवरच्याने तिथल्या तिथे सांगायचं, ‘गाडी हलवू नका, टो करून न्या.’ त्यावर विनोद शून्य.

फोनची तार

नवख्यांचा शो इथे पडतो. कॉलरला स्वतःचाच आवाज अर्ध्या क्षणाने परत ऐकू आला की तो अडखळतो, मग गप्प होतो. उपाय साधा आहे: कॉलरकडे स्टुडिओतलं सगळं पाठवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. याला मिक्स-मायनस म्हणतात. झूम पॉडट्रॅक पी-४ सारख्या छोट्या यंत्रात मोबाइल जोडला की हे आपोआप होतं. साध्या मिक्सरवर करायचं तर दोन्ही माइकच्या चॅनलवर ऑक्सची (आवाज वेगळ्या वाटेने बाहेर पाठवायची) कळ वर घ्या, फोनच्या चॅनलवर ऑक्स पूर्ण शून्य ठेवा, आणि ऑक्स आउट फोनच्या माइक इनपुटला द्या. मध्ये साधारण ४० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, लागतो. मिक्सरचा सिग्नल लाइन पातळीचा, फोनला हवा माइक पातळीचा. पॅड न लावता जोडलं तर कॉलरला तुमचा आवाज चिरका आणि फाटलेला जातो.

एक फसगत: ऑक्स ‘प्री-फेडर’ असेल, म्हणजे आवाज फेडरच्या (चॅनलच्या सरकपट्टीच्या) आधीच घेत असेल, तर तुम्ही फेडर खाली केलात तरी कॉलर सगळं ऐकत असतो. ‘हे काका जरा ताणतात’ हे वाक्य काकांनीच ऐकलं की उरलेला कॉल गेला.

माइक साधे डायनॅमिक घ्या, कंडेन्सर नको. खोली घुमत असेल तर कंडेन्सर बाहेरची रिक्षासुद्धा घेतो. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि हसताना मान मागे. इतर मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून तारांपासून दूर ठेवा, नाहीतर ती ‘टिर्र टिर्र’ रेकॉर्डिंगमध्ये शिरते.

कॉलरला सांगायचं: स्पीकरफोन नको, रेडिओ बंद, आणि शक्य असेल तर पार्क केलेल्या गाडीत बसून बोला. काचा वर, इंजिन आणि एसी बंद. सीटचं कापड आवाज शोषतं, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी म्हणजे फुकटचा स्टुडिओ.

आवाजाची नक्कल

कॉलर हमखास म्हणतो, ‘थांबा, इंजिन चालू करून ऐकवतो.’ करू देऊ नका. मोबाइल कॉलमध्ये बोलण्याव्यतिरिक्तचा एकसुरी आवाज गोंगाट म्हणून दाबला जातो, त्यामुळे ज्यासाठी फोन केला नेमकं तेच तुमच्यापर्यंत पोचत नाही. खरा आवाज हवाच असेल तर तो आधी व्हिडिओ म्हणून मागवा: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, हात आणि ओढणी पट्ट्यापासून लांब, आणि रेस करायला दुसरा माणूस. शोमध्ये मात्र तोंडाने नक्कल करायला लावा. मराठी माणसाकडे यासाठी शब्द भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे त्या शब्दांवरून निदान होतं.

नक्कल झाली की पुढचा प्रश्न ‘कधी’. उभ्या गाडीत रेस केल्यावर येतो का? मग इंजिन, पट्टे, सायलेन्सर. फक्त चालताना येतो का? मग चाकं, ॲक्सल, बेअरिंग, टायर. चालता चालता गिअर बदलला, इंजिनचा वेग उतरला, तरी आवाज तसाच राहिला तर इंजिनला दोष देऊ नका.

‘घूंऽऽ’ असा वेगाबरोबर चढत जाणारा आवाज म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा वेडावाकडा झिजलेला टायर. हायवेच्या लांब डाव्या वळणावर वाढतो आणि उजव्या वळणावर कमी होतो का ते विचारा. तसं असेल तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर, कारण डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो. टायर पुढचे मागे केल्यावर आवाजाची जागा बदलली तर बेअरिंग निर्दोष.

‘टक्, टक्’ खालून येत असेल तर पुणेकर लगेच ‘शॉकॲब गेले’ म्हणतो. थांबा. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या स्पीड ब्रेकरवर गाडी गप्प, आणि एकाच चाकाखाली खड्डा आला की टक्? मग आधी लिंक रॉड बघायचा, म्हणजे चाकाकडच्या भागाला अँटी-रोल बारशी जोडणारी छोटी कांडी. दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तेव्हा त्याच्यावर ताण येत नाही, एक चाक वर गेलं की येतो. लिंक रॉड स्वस्तात होतो, शॉकॲबचा जोड नाही. असं एक वाक्य कॉलरचे पैसे वाचवतं आणि तो जन्मभर शो ऐकतो.

पावसाळी सकाळी ‘चींऽऽ’, आणि एसी लावला की आणखी जोरात: पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला. चावी फिरवल्यावर भराभर ‘टिकटिकटिक’: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच जड ‘टक्’ आणि शांतता: सेल्फकडे बघा. बॅटरीचे आकडे मेकॅनिकच्या तोंडी असावेत: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. ब्रेक दाबल्यावर ‘खर्रर्र’ म्हणजे पॅड संपून लोखंडाला लोखंड. ही गाडी आज चालवायची नाही. एवढं सांगून पुढच्या कॉलवर जा.

आवाज नसलेले त्रासही येतात. दिवे घाटात किंवा कात्रजला चढताना जळका वास आला तर पाय हाफ क्लचवर ठेवायची सवय. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, म्हणजे रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. पळतानाही चढत असेल तर कूलंट कमी, रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट. आणि दर वेळी बजावून सांगायचं: गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

उंदरांचे फोन पावसाळ्यात येतील. त्याबरोबर बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधायचा सल्लाही येईल. पुडीची खात्री कुणी देत नाही. वायरिंगवर जाळी आणि गाडी आठवडाभर एका जागी उभी न ठेवणं जास्त भरवशाचं. पण पुडीवरून दहा मिनिटं सहज जातात, तेव्हा हा कॉल दर पावसाळ्यात एकदाच घ्या.

एक कॉल कसा चालावा

नमुना असा. मिस्त्री म्हणजे गाड्या उघडणारा, दुसरा म्हणजे अडाणी प्रश्न विचारणारा. बिबवेवाडीच्या काकू, जुनी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी.

मिस्त्री: बोला काकू, काय होतंय?
काकू: अहो, सोसायटीच्या गेटातून आत वळताना आवाज येतो.
मिस्त्री: कसा?
काकू: कट-कट-कट.
मिस्त्री: आता जरा वेग वाढवा.
काकू: कटकटकटकट.
मिस्त्री: आता स्टिअरिंग सरळ करा.
काकू: …
दुसरा: झाली की दुरुस्त! किती झाले?
मिस्त्री: डावीकडे वळताना की उजवीकडे?
काकू: डावीकडे. ह्यांना ऐकूच येत नाही हो.
दुसरा: काका काय म्हणतात?
काकू: ते म्हणतात, कटकट गाडीची नाहीये.

इथे दोघांनीही गप्प बसायचं. पूर्ण दोन सेकंद. या जागी बहुतेक सूत्रधार स्वतःचा विनोद वर चढवतात आणि काकूंचा बुडवतात. मग मिस्त्रीने निदान द्यायचं: पूर्ण वळणावर, वेगाबरोबर वाढणारी आणि सरळ झाल्यावर थांबणारी कटकट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, ॲक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वळणारा सांधा. डावीकडे वळताना वाजतो, तर बहुधा उजव्या बाजूचा. चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस उडालेलं दिसतंय का बघा. दिसलं तर रबरी बूट फाटलाय, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. नुसता बूट फाटला असता आणि आवाज नसता तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. आवाज सुरू झाला म्हणजे जॉइंट झिजला.

शेवटी कॉलरच्या हातात एक वाक्य द्या, पार्टचं नाव नको. ‘सीव्ही जॉइंट बदला’ असं सांगितलं की गॅरेजवाला जॉइंट बदलून मोकळा, आवाज गेला नाही तरी त्याची चूक नाही. ‘फुल वळणावर कटकट येते, दोन्ही ॲक्सलचे बूट बघून सांगा’ असं म्हटलं की त्याला शोधावं लागतं. नाना पेठेत पार्ट आणायला कॉलर स्वतः जाणार असेल तर जुना पार्ट बरोबर न्यायला सांगा, मॉडेलच्या नावावर भरवसा नको.

हा कॉल नऊ मिनिटं चालला तरी साडेपाचवर कापायचा. हसायचं गाडीला, नवऱ्याच्या हट्टाला, किंवा आपल्या चुकलेल्या अंदाजाला. बाई गाडी चालवते म्हणून विनोद नाही, कॉलरच्या उच्चारावर नाही. ‘सायलेन्सर’ला कुणी ‘सायलेंसल’ म्हणालं तर तुम्हीही पुढे तेच म्हणा, छान वाटतं.

सिनेमाचा भाग

सिनेमाला दर भागात सात-आठ मिनिटं पुरतात, आणि तिथेही मिस्त्रीला कामाला लावायचं. पडद्यावरचा बिघाड घ्या आणि पुण्यातल्या गॅरेजचं एस्टिमेट बनवा. ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) सोन्याची खाण आहे. तीन भावांचं गॅरेज, पावसातली रात्र, मधुबालाची बंद पडलेली गाडी, आणि वसूल करायचे राहून गेलेले पाच रुपये बारा आणे, म्हणजे पावणेसहा रुपये. कॉलरने आजचा आकडा सांगायचा: रात्रीचा कॉल, पाऊस, गाडी चालू करून दिली. मिस्त्री खरं बिल मांडतो, जो जवळ जाईल तो जिंकतो.

‘बॅक टू द फ्यूचर’मधली डीलोरियन ताशी ८८ मैलांवर काळ ओलांडते. म्हणजे जवळजवळ १४२ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीवरही १०० ची मर्यादा. भूतकाळात पोचाल, चलन मात्र वर्तमानात येईल. मिस्टर बीनच्या मिनीला दारावर बाहेरून कुलूप असतं, त्यावरून सेंट्रल लॉकिंगच्या तक्रारी ओघाने येतातच. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याच्यासाठी आधी एका वाक्यात संदर्भ द्या, नाहीतर अर्धे श्रोते बाहेर राहतात.

सिनेमातले संवाद मूळ आवाजात वाजवू नका, हक्कांची भानगड होते. कॉलरला नक्कल करू द्या, ती जास्त चालते. गाणी स्टेशनच्या परवान्यात असतील तरच वाजवा, आणि तोच भाग पॉडकास्ट म्हणून चढवताना काढून टाका. प्रसारणाचा परवाना इंटरनेटला लागू पडतो असं धरून चालू नका.

कोडं

‘कार टॉक’मध्ये दर आठवड्याला कोडं असायचं. तुम्हीही ठेवा, आणि ते दुरुस्त करायला फोन करणाऱ्या काकांना अर्पण करा. उदाहरणार्थ: पर्वतीच्या पायथ्याशी उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी चालू होत नाही. चौघांनी ढकलून सपाटीवर आणली की लगेच चालू. बॅटरी उत्तम, सेल्फ फिरतोय. का? उत्तर पुढच्या आठवड्यात: पेट्रोल शेवटच्या काडीवर होतं, उतारामुळे ते टाकीच्या एका कडेला गेलं आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली. उत्तर दोन ओळींत बसत नसेल तर ते कोडं रेडिओचं नाही.

एडिटिंग आणि नंतरचा फोन

कॉलरच्या आवाजाला साधारण २५० हर्ट्झच्या खाली कापा, घरघर जाते. ‘अं’, ‘म्हणजे’ काढा, पण नक्कल आणि तिच्या आधीचा श्वास काढू नका. हसणं अर्ध्यावर आणा. स्टुडिओत ते लागण होण्याइतकं गोड वाटतं, ऐकणाऱ्याला सिग्नलवर दुसऱ्यांदा कंटाळा येतो. पॉडकास्टसाठी मोनो फाइल उणे १९ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास ठेवा, रेडिओसाठी स्टेशन सांगेल ती पातळी.

प्रत्येक कॉलपुढे वहीत तारीख, निदान आणि ‘खात्री / अंदाज’ असं लिहून ठेवा. चार आठवड्यांनी उलट फोन करायचा आणि निदान चुकलं असेल तर तेच आधी लावायचं. मॅग्लिओझी भावांनीही आपल्याच चुका तपासण्याचा असा भाग ठेवला होता. फोनवर प्रश्न एकच: ‘काकू, कटकट गेली का?’ आणि लगेच माइकपासून मान मागे घ्या, कारण उत्तर ‘गाडीची गेली’ असं येणार आहे.